दगडाच्या पोटातली पोकळी

मामाच्या मळ्यात विहिरीचं काम चाललं होतं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. सुरुंग उडाला की धूर बसेपर्यंत बांधापलीकडे थांबायचं आणि यारीने दगड वर यायला लागले की ढिगाकडे धाव घ्यायची, हा आम्हा पोरांचा उद्योग. एकदा एक दगड फुटून बरोबर दोन वाट्या झाल्यासारखा पडला होता. बाहेरून काळाकभिन्न, आत मात्र मुठीएवढी पोकळी आणि तिच्या भिंतीला चिकटलेले पांढरे, काचेसारखे चमकणारे कळे. दगडाला बाहेरून कुठे भोक नाही, चीर दिसत नाही, मग हे आत गेलं कसं? मामा म्हणाला, "अरे, धरणीच्या पोटात काय काय असतं!"

या प्रश्नाचं धड उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली. ते ज्या ठिकाणी नीट डोळ्यांसमोर आलं, ते ठिकाण सिन्नरला आहे.

सिन्नरची 'गारगोटी'

नाशिकहून पुण्याकडे किंवा शिर्डीकडे निघालेल्या माणसाला सिन्नर लागतंच. बहुतेकांना ते गोंदेश्वराच्या देवळासाठी, नाहीतर औद्योगिक वसाहतीसाठी माहीत असतं. माळेगावच्या त्याच वसाहतीत, कारखान्यांच्या शेजाराला, 'गारगोटी' नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. के. सी. पांडे यांनी ते २००१ साली उभारलं. इथल्या संग्रहाचा जीव आहे तो महाराष्ट्राच्या काळ्या दगडातून निघालेल्या स्फटिकांत: नाशिक, पुणे, जळगाव, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईच्या आसपासच्या खाणींतून आणि विहिरींतून आलेल्या नमुन्यांत.

काचेपुढे उभं राहिलं की पहिल्यांदा विश्वासच बसत नाही, की हे आपल्याकडचं आहे. पाणीदार हिरवा अपोफिलाइट. पिकलेल्या पीचच्या रंगाचा स्टिल्बाइट, हुबेहूब कडब्याच्या पेंढीसारखा, मध्ये आवळलेला आणि दोन्ही टोकांना फुललेला. सुयांचे झुबके झालेला स्कोलेसाइट. कापसाच्या बोंडासारखा ओकेनाइट. आणि निळा कॅव्हान्साइट, ज्याच्यावरून नजर हलत नाही. आपण ज्या दगडाची खडी रस्त्यावर टाकतो, ज्याचे पाटे-वरवंटे केले, ज्यातून गोंदेश्वराचं देऊळ उभं राहिलं, त्याच बेसाल्टच्या पोटात हे सगळं होतं.

लाव्हाची आंबोळी

सुरुवात पोकळीपासूनच करायला हवी, कारण स्फटिक नंतरचे. आधी जागा झाली, मग बिऱ्हाड आलं.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडत होता. एकच मोठा डोंगर फुटला असं झालं नाही. लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा वाहायचा, पसरायचा, थिजायचा आणि काही काळाने त्यावर पुढचा थर चढायचा. आज या थरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलाय आणि सह्याद्रीत त्यांची एकूण जाडी जवळपास दोन किलोमीटर भरते. घाटातून जाताना डोंगराच्या ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, ते हे थर.

लाव्हा म्हणजे नुसता वितळलेला दगड नव्हे. त्यात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. सोड्याची बाटली बंद असताना बुडबुडे दिसत नाहीत, बूच काढलं की उसळतात. खोलवर दाबाखाली असलेला लाव्हा वर आला की दाब उतरतो आणि हेच घडतं. बुडबुडे वर चढतात, पण तोवर लाव्हाचा वरचा भाग थंड होऊन घट्ट व्हायला लागलेला असतो. त्यामुळे ते तिथेच अडकतात. तव्यावरच्या आंबोळीला वरच्या अंगाने जाळी पडते ना, तसं. म्हणून लाव्हाच्या प्रत्येक थराचा माथा जाळीदार असतो आणि मधला भाग भरीव.

विहिरी खोदणाऱ्यांना हा फरक पुस्तकाशिवाय कळतो. भरीव थराला ते काळा पाषाण म्हणतात आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या, त्या मानाने मऊ दगडाला मांजऱ्या. मांजऱ्यातले पांढरे ठिपके म्हणजे भरून निघालेले बुडबुडे. बहुतेक बुडबुडे वाटाण्याएवढे, बोराएवढे असतात. पण वाहत्या लाव्हात अनेक बुडबुडे एकमेकांत मिसळून गेले, की पोकळी घागरीएवढी होते. काही पोकळ्यांत तर माणूस वाकून शिरेल एवढी जागा सापडलेली आहे. संग्रहालयात दिसणारे मोठे, देखणे गुच्छ अशाच पोकळ्यांतून येतात, कारण स्फटिकाला हातपाय पसरायला मोकळी जागा लागते.

भिंतच विरघळली

आता मामाच्या विहिरीतलं कोडं. बंद खोलीत सामान आलं कुठून?

मी कितीतरी वर्षं समजत होतो, की हे स्फटिक लाव्हातूनच बनले असणार. लाव्हा थिजताना चांगला भाग आत गोळा झाला असेल. ही समजूत पुष्कळांची असते आणि ती चुकीची आहे. हे स्फटिक आगीने घडवलेले नाहीत. ते पाण्याने घडवलेत.

काळा दगड कितीही भरीव दिसला, तरी त्यात केसाहून बारीक भेगा असतात. पाऊस मुरतो, झिरपत खाली जातो. खालचा दगड वरच्या थरांच्या पांघरुणाखाली ऊबदार असतो, त्यामुळे हे पाणी तापतं. कुठे उकळत्या पाण्याच्या जवळपास, कुठे दाबाखाली त्याहूनही बरंच जास्त. गरम पाणी दगडाला हळूहळू खातं. बेसाल्टमध्ये निम्म्याच्या आसपास सिलिका असते, म्हणजे वाळूचा जो मुख्य घटक तोच. शिवाय अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम, लोह, मॅग्नेशियम. लाव्हा भराभर थिजताना त्यात काचेसारखा जो भाग तयार होतो, तो सगळ्यात आधी विरघळतो.

तेव्हा सामान बाहेरून आलंच नाही. खोलीच्या भिंतीच थोड्या थोड्या विरघळल्या, तो माल पाण्यातून पोकळीत आला आणि तिथे नव्याने रचला गेला.

मग काळा रंग कुठे गेला? याचं उत्तर नमुन्याच्या कडेला मिळतं. पोकळी आणि काळा दगड यांच्या मध्ये बहुधा एक पातळ हिरवट अस्तर असतं. दगडातलं लोह आणि मॅग्नेशियम या हिरव्या मातीत अडकून राहतं. तिच्यातल्या एका खनिजाचं नाव सेलॅडोनाइट. एकदा लोह असं भिंतीलाच बसलं, की उरलेल्या पाण्यातून जे बनतं ते पांढरं, फिकट, पारदर्शक असतं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला हिरवा रंग याच जातीच्या हिरव्या मातीचा आहे. चित्रकारांना तो फार लांबून आणावा लागला नसेल.

हे काम एका दमात झालेलं नाही. पाण्याचं तापमान बदललं, त्यातले घटक बदलले, की आधीच्या थरावर नवं खनिज बसतं. म्हणून पोकळीची भिंत ते मध्य असं पाहत गेलं की क्रम वाचता येतो: हिरवं अस्तर, मग अनेकदा गारगोटीचा थर, त्यावर झिओलाइट (स्टिल्बाइट, स्कोलेसाइट यांचं घराणं), त्यावर अपोफिलाइट, कधी शेवटी कॅल्साइटचा एखादा मधाळ स्फटिक. यातले काही स्फटिक तर लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी वाढलेले आहेत. ज्वालामुखी केव्हाच विझले होते, पाण्याचं काम चालूच होतं.

खडीसाखर आणि गारगोटी

पण मग सगळीकडे सारखाच चुरा न बसता असे सुबक स्फटिक का? खडीसाखर कशी करतात ते आठवा. घट्ट पाकात दोरा सोडायचा आणि भांडं न हलवता कित्येक दिवस ठेवायचं. साखरेचे कण दोऱ्यावर एकाशेजारी एक शिस्तीत बसत जातात आणि मोठे खडे होतात. तोच पाक घाईने गार केला, ढवळला, तर बारीक रवा पडतो. माल तोच असतो, फरक फक्त सवडीचा. दख्खनच्या पोकळ्यांना सवड भरपूर मिळाली आणि कोणी ढवळायला नव्हतं.

कण बसण्याची शिस्त प्रत्येक खनिजाची वेगळी, म्हणून आकार वेगळे. पाण्यात निव्वळ सिलिका साठली की गारगोटीच्या जातीचे दगड होतात. जांभळा रंग आला तर त्यालाच आपण अ‍ॅमेथिस्ट म्हणतो. सिलिकेच्या जोडीला अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि खुद्द पाणी रचनेत बसलं, की झिओलाइट. स्टिल्बाइटचे पातळ पापुद्रे वाढताना शेजाऱ्यापासून किंचित तिरपे होत जातात, म्हणून टोकं फाकतात आणि पेंढीचा आकार येतो. स्कोलेसाइट एकाच दिशेने लांबत जातो, त्याच्या सुया होतात. ओकेनाइटचे तंतू तर इतके बारीक असतात, की ते केसांसारखे वाकतात. त्या कापसाला एकदा बोट लागलं की तो दबतो आणि पुन्हा फुलत नाही. नमुने काचेआड ठेवतात ते चोरीच्या भीतीनेच असं नाही.

कॅव्हान्साइटबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून हे नाव बनलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सापडलेल्या बारीकशा स्फटिकांवरून १९७३ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. पुढे पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत तो निघाला आणि जगाने असा कॅव्हान्साइट आधी पाहिलेला नव्हता. पांढऱ्या स्टिल्बाइटच्या गादीवर गर्द निळे गोंडे, प्रत्येक गोंडा असंख्य बारीक काड्यांचा. हा निळा रंग व्हॅनेडियमचा. आपल्या हिरव्या अपोफिलाइटची हिरवाईसुद्धा थोड्याशा व्हॅनेडियमचीच देणगी. वाघोलीतच त्याचा जुळा भाऊ पेंटागोनाइटही मिळतो. घटक तेच, प्रमाण तेच, फक्त कणांची मांडणी वेगळी. जगभरच्या मोठ्या संग्रहालयांत वाघोलीचं नाव चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, आणि वाघोलीच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या लाखो माणसांना त्याचा पत्ता नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

> चौकट: नमुना कसा पाहावा
>
> संग्रहालयात नजर थेट चमकत्या टोकाकडे जाते. त्याआधी नमुन्याची कड पाहा. काळा दगड कुठे संपतो, हिरवं अस्तर दिसतं का, त्यावर पहिलं कोण बसलंय, हे शोधा. जो स्फटिक दुसऱ्याच्या अंगावर बसलाय, तो बहुधा धाकटा. अपोफिलाइटचा सपाट माथा तिरप्या उजेडात पाहिला तर त्यावर मोत्यासारखी झाक दिसते; जुन्या युरोपीय अभ्यासकांनी यावरूनच त्याला 'माशाचा डोळा' म्हटलं होतं. आणि शेवटी चिठ्ठीवरचं गावाचं नाव नक्की वाचा.

उकळणारा दगड

'झिओलाइट' हे नाव स्वीडनच्या आक्सेल क्रोन्स्टेट यांनी १७५६ साली दिलं. स्टिल्बाइटसारखा एक दगड त्यांनी फुंकनळीच्या ज्योतीत धरला, तर तो तडतडत फेसाळला, जणू उकळायला लागला. ग्रीक भाषेत उकळणे आणि दगड या दोन शब्दांची त्यांनी जोड दिली. स्कोलेसाइट तापवला की तो अळीसारखा वळतो. त्याचं नावच अळीवरून पडलंय. दगड उकळतो, कारण त्याच्या आत पाणी आहे. ओलं म्हणून साचलेलं पाणी नव्हे. स्फटिकाच्या बांधणीतच पाण्याला जागा ठेवलेली आहे.

ही बांधणी समजली की गोष्टीचा दुसरा भाग उघडतो. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असा, साधारण समोशाच्या आकाराचा एक घटक डोळ्यांपुढे आणा. असे असंख्य समोसे कोपऱ्याला कोपरा जोडून उभे केले, की भरीव भिंत होत नाही. जुना वाडा उभा राहतो. मध्ये चौक, चौकाला चौक जोडलेले, आत यायला दिंडी दरवाजे. काही समोशांत सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम असतं. तिथे एक धन विद्युतभार कमी पडतो. ती तूट भरायला सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे भारित कण चौकांत येऊन राहतात, आणि त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू.

सोडियम-कॅल्शियम हे वाड्याचे मालक नव्हेत, भाडेकरू आहेत. एक गेला, दुसरा आला, तरी वाडा उभाच राहतो. तापवलं की पाणी निघून जातं, आणि फार तापवलं नसेल तर झिओलाइटचा सांगाडा ढासळत नाही. दमट हवेत ठेवला की तो पुन्हा पाणी घेतो. (अपोफिलाइटचं असं नाही. तो झिओलाइटांच्या शेजारी राहतो, पण त्या घराण्यातला नव्हे. तापवला की त्याचे पापुद्रे सुटतात.)

वाड्याचे दरवाजे केवढे? एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. झिओलाइटचे दरवाजे त्याहूनही लहान असतात. एखादा लहान रेणू आत शिरेल, मोठा दारातच अडेल, एवढे मापात. म्हणजे डोळ्यांना दिसणारी पोकळी बुडबुड्याची, आणि त्या पोकळीत वाढलेला स्फटिक आतून पुन्हा पोकळ्यांनीच बनलेला. मला या सगळ्या विषयातलं हे सर्वांत सुंदर वाटतं.

त्याच पोकळ्या कामाला लावल्या

आज उद्योगात वापरला जाणारा झिओलाइट बहुतेक कारखान्यात बनवतात, कारण दरवाजे हव्या त्या मापाचे लागतात. रचनेचा वस्तुपाठ मात्र या दगडांचाच.

आपल्याकडच्या अनेक विहिरींचं पाणी जड असतं, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. दोष पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. कपडे धुण्याच्या अनेक पावडरींत झिओलाइट असतो. त्याच्या चौकात सोडियम राहत असतो. जड पाणी आलं की कॅल्शियम आत जाऊन बसतं आणि सोडियम बाहेर पडतं. भाडेकरूंची ही अदलाबदल झाली की पाणी हलकं होतं. तेलशुद्धीकरण कारखान्यांत जड तेलाचे लांब रेणू तोडून पेट्रोल मिळवायलाही झिओलाइटच वापरतात.

पण २०२१ च्या उन्हाळ्यानंतर मला त्याचा एकच उपयोग आधी आठवतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले, दवाखान्यांच्या आवारात हवेतून ऑक्सिजन काढणारी यंत्रं उभी राहिली. त्या यंत्रांच्या पोटात झिओलाइटचे मणी असतात. मे २०२१ मध्ये अशा यंत्रांसाठी एअर इंडियाच्या विमानांनी परदेशातून टनांनी झिओलाइट आणला होता.

काम असं चालतं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. हवा दाबाने झिओलाइटच्या नळकांड्यात सोडतात. झिओलाइटला अनेकदा 'रेणूंची चाळण' म्हणतात, पण इथे चाळण्यापेक्षा चिकटण्याचं काम जास्त आहे. दोन्ही वायूंचे रेणू आत शिरू शकतात. चौकातल्या भारित कणांची ओढ मात्र नायट्रोजनवर अधिक. तो आत रेंगाळतो, ऑक्सिजन पुढे निघतो. मणी नायट्रोजनने भरले की दाब सोडायचा, नायट्रोजन सुटून बाहेर जातो आणि मणी पुन्हा तयार. नळकांडी दोन असतात. एक भरतं तेव्हा दुसरं रिकामं होतं. कॉन्सन्ट्रेटरचा तो ठरावीक अंतराने येणारा 'फुस्स' आवाज ज्यांनी रात्र रात्र ऐकलाय, त्यांनी झिओलाइटला श्वास सोडताना ऐकलंय. यातून मिळणारा ऑक्सिजन साधारण ९० ते ९५ टक्के शुद्ध असतो. शंभर टक्के होत नाही, कारण हवेत एक टक्क्याच्या जवळपास असलेला आर्गॉन या झिओलाइटला ऑक्सिजनसारखाच वाटतो आणि त्याच्यासोबत निसटतो.

खडी होण्याआधी

इतके देखणे स्फटिक सोनाराच्या दुकानात का दिसत नाहीत? कारण ते मऊ आहेत. बहुतेक झिओलाइटांवर साध्या काचेने ओरखडा निघतो. अंगठीत बसवले तर थोड्याच दिवसांत त्यांची चमक जाईल. दागिना म्हणून किंमत नाही, म्हणून खाणीतही त्यांना सहसा कोणी जपत नाही. खाण खडीसाठी असते, सुरुंग खडीसाठी लावतात, आणि पोकळी फुटली की आतला माल बाकीच्या दगडाबरोबर क्रशरमध्ये जातो. जे वाचतं ते बहुधा एखाद्या कामगाराच्या नजरेमुळे. पोकळी दिसल्यावर हात थांबवणारा, छिन्नीने अलगद भोवतालचा दगड सोडवणारा, कागदात गुंडाळून घरी नेणारा माणूस. मुंबईत मालाड, कांदिवलीच्या खाणींतून एके काळी उत्तम नमुने निघाले. आता तिथे इमारती आहेत. वाघोलीकडेही शहर येऊन ठेपलंय.

म्हणून सिन्नरसारख्या गावातल्या संग्रहालयाचं मोल मला मोठं वाटतं, आणि त्याहून मोठं मोल नमुन्यापुढच्या चिठ्ठीचं. माझ्याकडे मामाच्या विहिरीतल्या त्या दगडाची अर्धी वाटी अजून आहे. गाव ठाऊक आहे, पण किती खोलीवर निघाली, तिच्या वर कुठला थर होता, हे कोणी टिपून ठेवलं नाही; आता ती विहीर बांधून काढलेली आहे आणि विचारायला मामा नाही. भूशास्त्राच्या अभ्यासकाला ती वाटी अर्धीच गोष्ट सांगेल.

तिची कड मात्र मी अलीकडे भिंगातून नीट पाहिली. काळा दगड, मग नखाहून पातळ हिरवी रेघ, मग पांढरे कळे. एका कळ्याच्या खांद्यावर दुसरा, पारदर्शक, मोहरीएवढा स्फटिक बसलेला आहे. लहानपणी तो माझ्या नजरेला कधी पडला नव्हता. तिरप्या उजेडात धरला तर त्याच्या माथ्यावर मोत्याची झाक येते.